अटकेनंतरचे पहिले आठ तास

मी बचावाचा वकील. न्यू जर्सीतल्या एडिसनहून फोन आला तेव्हा सकाळचे सातही वाजले नव्हते. एफबीआयची माणसं सहाला दारात आली, नवऱ्याला आणि त्याच्या लॅपटॉपला घेऊन गेली, असं त्या बाई सांगत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लगेच पुढचा प्रश्न आला, “सर, त्यांच्या ऑफिसातल्या लोकांचे मेसेज माझ्या फोनवर आहेत. काढून टाकू का?”

एकही काढू नका, म्हटलं. मूळ आरोप टिको न टिको, पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा वेगळा लागतो आणि त्याला २० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तपास अधिकाऱ्याशी जाणूनबुजून खोटं बोललं तर, शपथ घेतलेली नसली तरी, ५ वर्षांपर्यंत. कोठडीतून फोन आला तर तब्येत विचारा आणि ठेवा. ते फोन रेकॉर्ड होतात, आणि मराठीत बोललं म्हणून वाचलो असं होत नाही. सरकारकडे दुभाषे असतात.

नेवार्कच्या फेडरल कोर्टात मार्शल, म्हणजे कोर्टाचे पोलीस, आरोपीचे ठसे आणि फोटो घेतात. मग प्रीट्रायल ऑफिसर, म्हणजे जामिनासाठी आरोपीची माहिती गोळा करणारा कोर्टाचा अधिकारी, येऊन बसतो. घर, नोकरी, नातेवाईक, बँकेतली शिल्लक, पासपोर्ट, आजारपण, दारू, एवढंच तो विचारतो. गुन्ह्याबद्दल तो विचारत नाही आणि आपण होऊन सांगायचंही नाही. त्याच्या अहवालावर दुपारी मॅजिस्ट्रेट ठरवणार असतात की माणूस आज घरी जाईल की नाही. गुन्हा केला का, हा प्रश्न त्या दिवशी कोणी सोडवत नाही. घरच्यांना हे पटायला फार जड जातं, कारण त्यांना आधी ‘खरं काय घडलं’ ते सांगायचं असतं.

अहवाल हातात आला आणि गाडी तिथेच अडली. “भारतात मालमत्ता आहे का?” याला नवऱ्याने ‘नाही’ म्हटलं होतं. पडताळणीसाठी ऑफिसरने बायकोला फोन केला, तर तिने कोथरूडचा फ्लॅट सांगितला. खोटं कोणीच बोललं नव्हतं. फ्लॅट वडिलांनी घेतला, हप्ते वडिलांनी फेडले, म्हणून मुलाच्या लेखी तो बाबांचा. कागदावर मात्र दुसरं नाव त्याचं. आपल्याकडे घरोघरी असंच असतं. सरकारी वकिलांना त्यात दिसलं ते एवढंच: परदेशातलं घर लपवलं, हातात भारतीय पासपोर्ट, म्हणजे पळून जाईल.

नेवार्कला अकरा म्हणजे उन्हाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेआठ. वडिलांनी इंडेक्स टूचा (घराच्या नोंदणीचा उतारा) आणि पासबुकाच्या पानांचा फोटो पाठवला. लिहून घेणाऱ्यांच्या, म्हणजे खरेदीदारांच्या, रकान्यात दोन नावं, वडिलांचं आधी. हप्ते सगळे त्यांच्याच खात्यातून. ते कागद सुनावणीआधी ऑफिसरला आणि सरकारी वकिलांना दाखवले. ते न मिळते तर सरकारला सुनावणी ३ दिवस पुढे ढकलून मागता आली असती, आणि त्यात शनिवार-रविवार धरत नाहीत.

सुनावणीत वायर फ्रॉडची, म्हणजे फोन-इंटरनेटवरून केलेल्या फसवणुकीची, कमाल शिक्षा वाचली गेली: २० वर्षं. मागच्या बाकावर बाई रडू लागल्या. ही कायद्याची वरची मर्यादा आहे, प्रत्यक्ष शिक्षेचा अंदाज नव्हे, हे आधीच समजावून ठेवायला हवं. भारतीय दूतावासाला कळवायचं का, हेही न्यायाधीशांनी विचारलं.

जामीन दोन लाख डॉलरचा, पण रोख एक सेंट नाही. बायकोने आणि एका स्नेह्याने सही केली. नवरा कोर्टात हजर राहिला नाही तर ती रक्कम या दोघांकडून वसूल होऊ शकते. पासपोर्ट जमा, न्यू जर्सीबाहेर बंदी, आणि साक्षीदार ठरू शकणाऱ्या सहकाऱ्यांशी केसबद्दल अवाक्षर नाही. गणपतीत भेटले तरी.

पुढे अटकेपासून ३० दिवसांत ग्रँड ज्युरीकडून, म्हणजे खटला भरण्याइतका आधार आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडून, आरोपपत्र यायला हवं. १६ ते २३ नागरिक बसतात, १२ जणांचा होकार पुरतो, बचावाच्या वकिलाला आत प्रवेश नाही. गुन्हा कबूल करून तडजोड करण्याची बोलणी चालू असली तर दोन्ही बाजू मुदतवाढ मागतात. मुदतवाढीला आम्ही लगेच होकार दिला नाही. अशील ग्रीन कार्डवर आहे, आणि फसवणुकीतलं नुकसान १०,००० डॉलरच्या वर ठरलं तर गुन्हा कबूल केल्यावर हद्दपारी जवळपास अटळ होते. म्हणून सरकारकडे पहिली मागणी केली ती नुकसानाचा आकडा कसा काढला, त्या हिशेबाची.