मॅझुकेलीचा बॅटमॅन घरी आणताना

१९८७ साली ‘बॅटमॅन’ कॉमिकच्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत लेखक फ्रँक मिलर आणि चित्रकार डेव्हिड मॅझुकेली यांनी बॅटमॅनच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली. मला सगळ्यात जवळचा बॅटमॅन तोच. आखूड कान, छातीवरच्या वटवाघळामागे पिवळा लंबगोल नाही, कमरेला खिशाखिशांचा पट्टा. अंगापिंडानं माणसासारखा माणूस. तो चुकतो, धडपडतो, मार खातो, आणि मॅझुकेली हे सगळं इतक्या मोजक्या रेषांत दाखवतो की पान उलटावंसं वाटत नाही.

बॅटमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या डीसी कंपनीच्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पुतळ्यांच्या मालिकेत याच बॅटमॅनचा पुतळा निघालाय हे कळलं तेव्हापासून तो डोक्यात बसला होता. या मालिकेची कल्पनाच मला फार आवडते. पात्र एकच, पण प्रत्येक पुतळा वेगळ्या चित्रकाराच्या शैलीवरून घडवायचा आणि रंग फक्त काळा, पांढरा, करडा. बॉब केनचा बॅटमॅन वेगळा, जिम लीचा वेगळा, माइक मिन्योलाचा त्याहून वेगळा. रंगांची मदत काढून घेतली की आकार किती खरा आहे ते लगेच कळतं.

जुना माल असल्यामुळे तो संग्राहकाकडूनच मिळणार होता. अमेरिकेतल्या एका गृहस्थांशी बोलणं झालं. अशा वेळी फोटो मागायला अजिबात संकोच करू नये. केपची, म्हणजे पाठीवरच्या झुलीची कड, कानांची टोकं, बोटं आणि बैठकीची खालची बाजू, एवढं जवळून बघायचंच. या मालिकेतल्या सुरुवातीच्या पुतळ्यांवर आवृत्तीचा क्रमांक असतो आणि मूळ खोकंही सोबत असेल तर उत्तम. त्या गृहस्थांनी सगळं शांतपणे पाठवलं. माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो. पार्सल त्याच्या पत्त्यावर गेलं आणि दिवाळीला येताना त्यानं ते हातातल्या बॅगेतून आणलं.

सामानात टाकू नकोस, असं त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, त्याला कारण होतं. हे पुतळे कोल्ड-कास्ट पोर्सेलीनचे. म्हणजे रेझिनमध्ये पोर्सेलीनची पूड कालवून ते साच्यात ओततात. भट्टीत भाजत नाहीत. त्यामुळे हाताला चिनी मातीसारखा गारवा आणि वजन लागतं, बारीक कामही छान उतरतं. पण पीव्हीसीसारखं ते वाकत नाही. धक्का बसला की टवका उडतो.

खोकं उघडलं ते जमिनीवर गादी घालून. थर्मोकोलचे दोन भाग अलगद वेगळे केले आणि पुतळा बैठकीला धरून उचलला. डोक्याला किंवा केपला धरायचं नाही. मग टॉर्च आडवा धरून सगळीकडून पाहिला. साच्याची शिवण कुठे राहिली आहे का, आणि अर्धा चेहरा झाकणाऱ्या टोपीचा काळा रंग जिथे हनुवटीच्या पांढऱ्याला भिडतो ती कड स्वच्छ आहे का, हे असं आडव्या उजेडातच दिसतं. रंगीत पुतळ्यात तिथे थोडं इकडेतिकडे खपून जातं. इथे ती कड म्हणजेच चित्रकाराची रेषा.

पुतळा खऱ्या अर्थानं बघायला मला शिकवलं ते माझ्या मामानं. मामा पेणचा. उभी हयात गणपतीच्या कारखान्यात गेली, त्यातली बरीच वर्षं डोळ्यांच्या आखणीत. दिवाळीला तो घरी आला होता. बैठकीला धरून त्यानं पुतळा हळूहळू फिरवला, अंगठा केपच्या चुणीवरून नेला आणि म्हणाला, “साचा चांगला सोडवलाय. पण अरे, याचे डोळे आखलेलेच नाहीत. नुसतं पांढरं ठेवलंय. मग हा रागावलाय हे मला कशावरून कळतंय?”

या प्रश्नानं मला अक्षरशः खिळवून ठेवलं. पेणला आखणी झाली की मूर्ती बघू लागते. इथे बुबुळ नाहीच. मग आम्ही दोघं शोधायला बसलो. भुवईच्या जागी टोपीची जी धार आहे ती नाकाकडे किंचित खाली उतरते. जबडा आवळलेला आहे आणि मान खांद्यांच्या थोडी पुढे आहे. राग आहे तो या तीन जागांत. मामानं हनुवटीवर बोट ठेवून चेहरा झाकला, तरी मानेवरून तो कळत होता.

बुबुळ नसलेल्या डोळ्यांची गोष्ट मी मामाला सांगितली तेव्हा त्यालाही आनंद झाला. १९३६ साली ली फाक यांनी फँटम हा मुखवटेधारी चित्रकथा-नायक आणला. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समुळे घराघरांत पोचला तोच. मुखवट्यामागे बुबुळं दाखवायची नाहीत, ही कल्पना आपल्याला ग्रीक अर्धपुतळ्यांवरून सुचली, असं फाक यांनी सांगितलं होतं. पुढे मुखवटेधारी नायकांचे कोरे पांढरे डोळे ही रीतच पडली. म्हणजे दगडातून कागदावर आलेले डोळे इथे परत साच्यात उतरले आहेत.

जागा ठरवायला वेळ लागला. खिडकीसमोर नको, कारण उन्हानं पांढरा रंग पिवळा पडतो. शेवटी सुताराकडून काचेचं छोटं कपाट करून घेतलं, आत पावसाळ्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. धूळ मऊ ब्रशनं झटकतो, ओलं फडकं लावत नाही. दिव्यासाठी मात्र मी हट्टानं वेळ घालवला. दोन्हीकडून उजेड दिला की पुतळा सपाट होतो. वरून आणि जरा डावीकडून एकच पिवळसर दिवा लावला, तेव्हा टोपीच्या धारेची सावली गालावर पडली आणि शेजारी उघडून ठेवलेल्या पानावरची काळी जागा नेमकी तिथेच होती!

पाठीमागची बाजू मी आवर्जून दाखवतो. पानावर चित्रकाराला एका वेळी एकच बाजू दाखवावी लागते. खांद्यावरून सुटलेली केप मागे कशी पडेल, कुठे ताणली जाईल, कुठे दुमडेल, हे शिल्पकारानं त्या चार अंकांतल्या रेषा मुरवून ठरवलंय. मॅझुकेलीनं मागून काढला असता तर असाच काढला असता, असं ती केप बघताना मला वाटतं. शिल्पकार हा या कलेतला तितकाच मोठा माणूस आहे, पण लोक चित्रकाराचं नाव विचारतात आणि थांबतात.

आता मिन्योलाचा पुतळा शोधतोय. तो अर्धं चित्र काळ्यात बुडवतो; त्या काळ्याच्या आत शिल्पकारानं काय घडवलंय ते हातात घेऊन पाहायचंय. मामानं बजावलंय, आला की आधी पेणला घेऊन ये.