तुम्ही विचारलंत म्हणून: चिमटा घरी कशाला बसवता?

सागरी मार्गाने सायकलवर रेड्डीकडे निघालेले पाहुणे पडवीतला माझा पसारा बघतात आणि हमखास विचारतात, "काका, फोर्क आणि हेडसेटपण घरीच? दुकानात का नाही देत?" गाववाले फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याला, चिमटा म्हणतात. प्रश्न तोच, फक्त जरा खवचट.

पैसे वाचवायला म्हणून शिकलो, असं काही नाही. हेडसेट म्हणजे चिमटा ज्यावर वळतो तो फ्रेमच्या पुढच्या नळीतला वरखालच्या बेअरिंगांचा संच. इथे तो इतक्या वेळा उघडावा लागतो की दर वेळी तालुक्याला सायकल नेणं परवडत नाही. खराब होतं ते बहुधा खालचं बेअरिंग. पुढचं चाक रस्त्यावरचं पाणी नेमकं तिथेच उडवतं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत सायकल चढवली की खारं पाणीही लागतं. शिवाय हे बेअरिंग चाकासारखं गरगर फिरत नाही. हँडल बहुतेक वेळ सरळच असतं, म्हणजे छर्रे एकाच जागी बसून खड्ड्यांचे हादरे खातात. तिथलं ग्रीस बाजूला सरकतं, गंज धरतो, छर्रे ज्या कड्यावर बसतात त्या रेसवर बारीक खळगे पडतात. मग हँडल मधोमध आलं की खट्‌कन अडकतं. घाटाच्या उतारावर असं हँडल नको रे बाबा.

म्हणून आगोटीच्या कामांत हेडसेट उघडणं आलंच, आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा एकदा. खोबरेल किंवा रॉकेल सोडून भागवणारे आहेत. त्यांना माझा हात जोडून नमस्कार. बंदरावर होड्यांच्या इंजिनाचं सामान मिळतं तिथे पाण्याने सहज न धुतलं जाणारं ग्रीस असतं. ते घ्या आणि हात आखडू नका.

नळीच्या दोन्ही तोंडांत बेअरिंगच्या वाट्या, म्हणजे कप, बसवायला महागडा प्रेस लागतो असं सांगतात. आटे पाडलेला लांब रॉड, दोन नट आणि कपापेक्षा मोठे जाड वायसर एवढ्यावर काम होतं. नट हळूहळू आवळायचा, एक-एक कप घ्यायचा, आणि कप तिरका जातोय असं वाटलं की तिथेच थांबायचं. हातोड्याने ठोकून बसवणारे मिस्त्री आहेत, पण फ्रेम माझी असेल तर हातोडा लांबच बरा. चिमट्याच्या खांद्यावरच्या रेसला मात्र ठोकावं लागतं. चिमट्याच्या वरच्या दांड्यावरून खाली सरकेल आणि रेसवर सगळीकडून टेकेल असा पाइपचा तुकडा घ्या.

दांडा कापायची घाई नको. आधी स्टेम (हँडल दांड्याला धरणारा तुकडा) आणि त्याच्या खालचे-वरचे स्पेसर, म्हणजे कडी, लावून बघायचं, मग दांड्याचं टोक त्यांच्या वरच्या कडेपेक्षा साधारण 3 मिलिमीटर खाली राहील अशी खूण करायची.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वरच्या टोपीच्या बोल्टचा. लोकांना वाटतं, चिमटा त्याच्यावर टांगलेला आहे, म्हणून जीव खाऊन आवळतात. त्या बोल्टचं काम फक्त बेअरिंगवर बेताचा दाब आणण्याचं. चिमटा धरून ठेवतात ते स्टेमच्या बाजूचे बोल्ट. म्हणून आधी ते सैल करायचे, टोपी हलक्या हाताने आवळायची, हँडल चाकाशी सरळ करायचं, आणि मगच बाजूचे बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतके. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि खालच्या कपाशी बोट ठेवा. ठकठक लागली तर ढिलं आहे. पुढचं चाक उचलून सायकल जराशी कलवली की हँडल आपसूक वळायला हवं. अडखळलं तर जास्त आवळलंय. आट्यांच्या जुन्या चिमट्याला ही टोपीची भानगडच नाही. तिथे दोन पाने हवेत, एक बेअरिंगवर बसणारा कोन (आट्यांचं कडं) धरायला आणि दुसरा वरचा लॉकनट आवळायला.

दुकानात मी अजूनही एक काम देतो. फ्रेमच्या नळीची तोंडं सपाट नसतील तर ती तासून घ्यायला. त्याचं हत्यार पडवीत ठेवण्याइतकी ती गरज पडत नाही.