गाडी आपली झाली तर घराचं काय

आजही झोप येईना म्हणून लिहायला बसलो. बायको, पोरं झोपलीत. समोर तीच वही, डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, खोडून खोडून कागद फाटायला आलाय. विषय एकच, स्वतःचा ट्रक घ्यायचा की आहे ती नोकरी धरून बसायचं.

नोकरीत तसं वाईट काही नाही. गाडी कंपनीची, डिझेल कंपनीचं, क्लच गेला तर फोन लावायचा आणि सावली बघून बसायचं. पण रूट त्यांचा, वेळ त्यांची, आणि रजा मागितली की समोरचा असं तोंड करतो जणू त्याच्या खिशातून चाललीये. वर कधीकधी मालाची पोच आणताना त्या भाड्याचा आकडा कानावर पडतो, मग आपला पगार आठवतो, आणि डोक्यात किडा वळवळायला लागतो की एवढं सगळं मीच ओढतोय तर स्वतःसाठी का ओढू नये. हा किडा प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यात असतो, नाही म्हणणारा खोटं बोलतो.

आता हिशोब. भाडं वजा डिझेल वजा टोल असं धरून जो खूश होतो त्याने गाडी घेऊच नये असं माझं मत झालंय. हप्ता आहे, इन्शुरन्स आहे, परमिट आणि फिटनेसचा खर्च आहे, आणि हे सगळं गाडी पळो न पळो चालूच राहतं. इंजिन नवीन पद्धतीचं असेल तर युरियाचं पाणी वेगळं भरा, सायलेन्सरचा फिल्टर चोंदला की सेन्सर बोंबलणार आणि गाडी जोरच धरणार नाही. शिवाय येतानाचं भाडं मिळालं नाही तर रिकामी गाडी आणायची, डिझेल मात्र आपलंच जळणार. माल उतरवल्यावर पैसे लगेच मिळतील तर शप्पथ, ३०-४५ दिवस तर सहज, काही ठिकाणी ६०, हप्त्याची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही.

पण मला खरा दणका बसला तो दुसऱ्याच आकड्याचा. महिन्याचा हप्ता ३० दिवसांचा असतो. मी महिन्यात ८ दिवस घरी राहायचं म्हणलं तर तो २२ दिवसांत कमवायला लागणार, म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येक दिवसावर सव्वापटीपेक्षा जास्त बोजा. ४ दिवसच घरी राहिलो तर तेच २६ दिवसांत, बोजा एकदम हलका वाटायला लागतो. म्हणजे वहीत घरी राहायचे दिवस जेवढे कमी करीन तेवढा नफा दिसतो. मी ते ८ चे ६ केले, ६ चे ५, कुणी सांगितलं नव्हतं, पेन आपोआप चालत होतं. आता नोकरीत रजा म्हणजे रजा, फार तर पगार कापला जाईल. स्वतःच्या गाडीत मात्र घरातल्या प्रत्येक दिवसाला भाव लागणार, आणि तो लावणारा मीच.

परवाचीच गोष्ट. घरी आलो तेव्हा पोरगी बाहेर खेळत होती, आत आली, दारात माझ्या चपला बघितल्या आणि मला हाक मारायच्या आधी आईला विचारलं, "पप्पा किती दिवस आहेत?" "कधी आले" असं नाही, "किती दिवस आहेत". रागाने नाही हं, सहज, पुढचं प्लॅनिंग करायला माहिती पाहिजे तशी. मग तिने तिचा अभ्यासाचा पसारा माझ्या बाजूच्या पलंगावरून उचलला. म्हणजे मी नसलो की ती माझी जागा वापरते. वापरू दे, मला काय, पण ती वह्या-पेन्सिली गोळा करत होती तेव्हा मी उगाच मोबाईल बघत बसलो.

धाकट्याला अजून काही कळत नाही, त्याला फक्त हॉर्न पाहिजे.

नियमांचं पण बघत होतो मधे, कुठे काय आहे म्हणून. युरोपात २०२० पासून असं आहे की कंपनीने ड्रायव्हरचं काम अशा पद्धतीने लावायचं की चार आठवड्यांत एकदा तरी त्याला घरी किंवा कंपनीच्या तळावर परतता आलं पाहिजे, आणि आठवड्याची ४५ तासांची पूर्ण सुट्टी केबिनमध्ये झोपून काढायची नाही. भारतात २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू. एक गाडी, मालकही मी आणि ड्रायव्हरही मी, म्हणजे मी त्यात बसलोच नसतो. अमेरिकेत सलग १० तास सुट्टी घेतली की ११ तास चालवता येतं आणि तो नियम मालक असो की नोकर, दोघांना सारखाच, ते बरं आहे. पण त्याने झोप वाचते, घर नाही. ते १० तास कुठल्याही पार्किंगमध्ये काढले तरी कायदा खूश. घरी जा म्हणून सांगायचं तर सांगणारा कुणीतरी वर लागतो, आणि मला तर वर कुणी नको म्हणूनच गाडी घ्यायचीये. गंमतच आहे सगळी.

ओळखीच्यातले दोन जण डोळ्यासमोर आहेत. एक आमच्या आधीच्या पिढीतले, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी गाडी घेतली, चालवली, हप्ते फेडले आणि मग विकून परत नोकरीला लागले. मी विचारलं काका, फेडल्यावर का विकली, आता तर सगळं सुटलं होतं. म्हणाले, गाडी दारात उभी दिसली की घास गिळत नव्हता रे, बायको वाढतेय आणि मी खिडकीतून टायर बघतोय. सवयच लागली, हप्ता संपला तरी ती काही गेली नाही.

दुसरा माझ्या बरोबरीचा, तो माझ्यापेक्षा जास्त घरी असतो! त्याचं भाडं ठरलेलं, एकाच कारखान्याचं, जाताना पक्का माल आणि येताना त्यांचाच कच्चा माल, गाडी रिकामी येत नाही, आणि हिशोब सगळा बायको बघते. दलालाकडे बसून भाड्याची वाट बघणं नाही. मी आधी त्याला नशीबवान म्हणायचो, आता वाटतं यात नशीब कमी आणि आधी भाडं पक्कं करून मग गाडी घेतली ही अक्कल जास्त. बाकीचे आपण उलटं करतो, गाडी दारात आणून नारळ फोडतो आणि मग भाडं शोधायला निघतो.

कुणी ना कुणी एका ट्रकवरून साम्राज्य उभं केल्याची गोष्ट सांगतोच. मॅल्कम मॅक्लीन, अमेरिकेतला, १९३० च्या दशकात जुना ट्रक घेऊन स्वतः चालवायचा, आणि १९५६ मध्ये त्याचं आयडियल एक्स जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं, आज सगळी दुनिया कंटेनरवर चालते त्याची तिथून सुरुवात. खरं आहे, मोठा माणूस. गोदीत माल उतरवायची वाट बघून वैतागला आणि त्यातून हे सुचलं असं सांगतात. मी पण वाट बघून वैतागतो, मला फक्त झोप येते. आणि अशा गोष्टीत पोरं झोपायच्या आत तो घरी पोचायचा का ते कुणी सांगत नाही.

गाडीचं वेड मात्र खरं आहे, ते लपवून काय उपयोग. मागच्या जोडचाकांतला आतला टायर घ्या. बाहेरून दिसत नाही, हवा कमी झाली तरी बाहेरच्या टायरवर गाडी उभी राहते, पण लोड सगळा त्या एकावर जातो, दोन्ही तापतात आणि कुठेतरी उतारावर एक जातो. म्हणून थांबलो की मी लोखंडी रॉड घेऊन एकेक टायर ठोकतो, घट्ट टण्ण आवाज आला की पुढे, बद्द आला की थांबायचं. दुसऱ्याच्या गाडीसाठी एवढं करतो तर आपल्या गाडीसाठी काय काय करीन, हा विचार आला की छाती फुगते. घरी यायची घाई पण महागात पडणार हे पण कळतं, ६५ ऐवजी ८० ने पळवली की हवेचा अडथळाच जवळपास दीडपट, त्यामुळे डिझेल जास्त. आता कंपनीच्या पैशाने घाई करतो, तेव्हा दर किलोमीटरला विचार करीन की जेवायच्या वेळेला पोचायचं की अ‍ॅव्हरेज सांभाळायचं.

बायकोला वही दाखवली काल. मला वाटलं होतं एकतर रडेल नाहीतर घ्या म्हणेल. तिने शांतपणे उजवी बाजू वाचली आणि विचारलं, "तुम्ही आजारी पडलात तर हप्ता कोण भरणार, हे कुठं लिहिलंय?" नव्हतंच लिहिलं. टायर लिहिला होता, गिअरबॉक्स लिहिला होता, माझं स्वतःचं काही नव्हतं. मग म्हणाली, तिच्या कामाचा पगार यात धरायचा नाही, तो घराचा, त्याला हात लावायचा नाही. आणि दुसरं, मी ८ चे ५ केलेले तिने परत ८ केले. वर लिहिलं, "हे आधी वजा करा, मग गाडी परवडते का बघा."

परवडत नाही. आत्ताच्या आकड्यात तरी नाही, म्हणजे मिळेल ते लांबचं भाडं घेत फिरायचं तर नाहीच. सेकंड हॅण्ड गाडी घेतली तर हप्ता हलका होतो पण रिपेअरिंग बोकांडी बसतं, ते पण मांडून बघितलं, फरक पडतो पण फार नाही. परवडतं ते एकाच पद्धतीत, त्या मित्रासारखं जाऊन-येऊन ठरलेलं भाडं, आणि गाडी घ्यायच्या आधी निदान सहा हप्ते बाजूला ठेवलेले. तेवढे पैसे साठवायला अजून वेळ लागेल, तोपर्यंत नोकरी आहेच. कधीकधी वाटतं तोपर्यंत पोरगी मोठी होईल आणि मी घरी असलो काय नसलो काय तिला फरक पडणार नाही, मग एवढं सगळं कशासाठी थांबवायचं. मग परत त्या चपला आठवतात. असं दोन्हीकडून चालू आहे.

मित्राने एका गोदामाच्या माणसाचा नंबर दिलाय, त्यांना जवळच्या पट्ट्यात रोजची गाडी लागते म्हणे. सोमवारी फोन लावणार, भाडं नंतर विचारीन, आधी दोन गोष्टी, पैसे किती दिवसांत देता आणि गाडी खोळंबली तर हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, देता का. बायको म्हणाली तिसरी पण विचारा, रविवारी लोडिंग असतं का.