कायगुना ते बॅलाडोनिया: चौदा लिटर

कायगुना सोडलं तेव्हा सायकलवर चौदा लिटर पाणी होतं. पुढचं रोडहाऊस, म्हणजे हायवेवरचा पेट्रोल-जेवणाचा थांबा, बॅलाडोनिया, १८२ किलोमीटरवर. मध्ये ना गाव, ना नळ. हा ऑस्ट्रेलियातला आयर हायवे. त्यातला १४६.६ किलोमीटरचा पट्टा सरळ, एकही वळण नाही.

अ‍ॅडलेडहून एकटी निघाले होते. माझं माहेर माण तालुक्यातलं. उन्हाळ्यात टँकर आला की हंड्यांची रांग लागायची आणि तांदूळ धुतलेलं पाणी आई म्हशीपुढे ठेवायची. नलारबोरच्या कोरड्या माळावर आल्यावर तीच सवय हातात परत आली. भात शिजवायला किती, प्यायला किती, सगळं मोजून. भांडं मात्र धुवायचं नाही, भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायचं.

पाऊस इथे पडतो, पण जमीन चुनखडीची. पाणी भेगांतून खाली जातं आणि खाली जे सापडतं ते खारट. वर नदी नाही, ओढा नाही. नलारबोर हे नावच लॅटिनमधून घडवलेलं, अर्थ ‘झाड नाही’. तो उघडा माळ मागे राहिला होता, कायगुनाच्या पुढे खुरटी निलगिरी दिसते. १८९६ मध्ये आर्थर रिचर्डसन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कूलगार्डीहून अ‍ॅडलेडला सायकलनं आला, ३१ दिवसांत. तेव्हा डांबर नव्हतं. तो पाणी कसा पुरवत असेल, हा विचार दिवसभर डोक्यात होता.

दोन दिवसांचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच पश्चिमेचा वारा समोर उभा राहिला. ताशी नऊ किलोमीटरच्या वर सायकल जाईना. मागून रोड ट्रेनचा, म्हणजे दोन-तीन ट्रेलर ओढणाऱ्या लांबलचक ट्रकचा, आवाज आला की रस्ता सोडून खडीत उतरायचं, दोन्ही ब्रेक दाबून धरायचे. ती गेली की हवेचा धक्का अंगावर यायचा. दुपारी थांबून बाटल्या मोजल्या. चार लिटर. अजून ऐंशी किलोमीटर, म्हणजे आणखी एक रात्र.

सावलीला बसले होते, तेवढ्यात एक कॅरव्हॅन थांबली. म्हातारं जोडपं. आजोबांनी काही न विचारता जेरीकॅन काढला. मी म्हटलं, दोन लिटर पुरे. आजींनी माझ्या बाटल्या बघितल्या आणि सहा लिटर भरले. पाणी मागायची लाज माझ्या गावात कुणाला वाटत नाही, मला मात्र तिथे घसा दाटून आला. त्यांनाही पुढे पाण्याची टाकी भरायला बॅलाडोनियाच्या पलीकडच्या नॉर्समन गावापर्यंत थांबायचं होतं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बॅलाडोनिया आलं. खायला ऑर्डर दिली, पाणी विकत मिळत होतं. माझ्या बाटलीत दीड लिटर उरलं होतं, दोन दिवस उन्हात तापलेलं, प्लास्टिकचा वास लागलेलं. बाहेरच्या बाकावर स्टोव्ह पेटवला आणि चहा त्याच पाण्याचा केला.