थिजलेले तूप आणि गोधडीचा पहिला फेरा

थंडी आल्याचे आमच्या घरात दोन ठिकाणी कळते. पहिले ठिकाण म्हणजे सकाळचे वर्तमानपत्र. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती अंशांवर उतरला, याची बातमी निफाडच्या नावाने झळकू लागली की नाशिककर माळ्यावरची स्वेटरांची पिशवी खाली काढतात. दुसरे ठिकाण म्हणजे ओट्यावरची तुपाची बरणी. कालपर्यंत चमच्याने ओतता येणारे तूप एका सकाळी पांढरट आणि घट्ट झालेले असते, त्यात चमचा उभा राहतो, आणि आई त्याकडे पाहून म्हणते, "आता नानकटाई करायला हरकत नाही."

हे ती नुसत्या हौसेने म्हणत नाही. नानकटाईचे सगळे गणित थिजलेल्या तुपावर उभे आहे. असे तूप परातीत घेऊन तळहाताने घासत राहिले की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, ते पांढरेशुभ्र आणि लोण्यासारखे हलके होते, आणि भाजताना हीच अडकलेली हवा फुगून नानकटाईला खुसखुशीतपणा देते. पातळ तूप कितीही फेटले तरी त्यात हवा ठरत नाही. उन्हाळ्यात आम्ही तूप फ्रिजमध्ये ठेवून हा प्रकार करून पाहिला आहे. पण परातीत हाताच्या उबेने ते पाच मिनिटांत पुन्हा वितळू लागते आणि मग सगळीच घाई होते. थंडीत तुपालाही सवड असते.

फेटलेल्या तुपाचा थेंब पाण्यात टाकून तो तरंगला म्हणजे तूप झाले, अशी एक परीक्षा अनेक घरांत सांगितली जाते. ती मला कधीच पटली नाही, कारण तूप पाण्यापेक्षा हलकेच असते आणि न फेटताही तरंगते. ही परीक्षा वाटलेल्या उडदाच्या डाळीची असावी आणि चुकून तुपाला चिकटली असावी, असे माझे मत आहे. आई या मतावर काही बोलत नाही, फक्त थेंब पाण्यात टाकते.

आमचे प्रमाण साधे आहे: एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, त्यातला थोडा काढून त्याऐवजी तेवढेच बेसन, चिमूटभर खायचा सोडा, वेलदोडा आणि जायफळ. मळायचे नाही, फक्त गोळा जमवायचा. ओव्हन १६० अंशांवर ठेवून १८ ते २० मिनिटे. बाहेर काढताना नानकटाई मऊ लागते, म्हणून कच्ची समजून ती पुन्हा आत ढकलायची नसते. गार झाल्यावरच ती कुरकुरीत होते. एवढे माहीत असूनही गेल्या वर्षी आमच्या आठवीतल्या मुलीने, सगळे एकटीने करायचे असे ठरवून, तूप लवकर मिसळावे म्हणून ते मायक्रोवेव्हमध्ये वितळवून घेतले. सोळा गोळे ताटलीत मांडले होते. बाहेर आली ती एकच मोठी, काठ करपलेली, चपटी पापडी. कोणी रागावले नाही. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, पापडीचा एक तुकडा मोडून खाल्ला आणि म्हणाली, "चव आहे गं, नानकटाई नाही." हे वाक्य मुलीला रागावण्यापेक्षा जास्त लागले, असे मला वाटते, कारण यंदा ती तुपाला हात लावण्याआधी बरणी उलटी करून पाहते.

माझ्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाहून मैदा, साखर आणि तुपाचा डबा पिशवीत घालून बाजाराच्या गावी बेकरीत जायचे, आणि आपल्या डोळ्यांदेखत पीठ मळवून घ्यायचे, अशी पद्धत होती. लाकडाच्या भट्टीत आधी पाव भाजत, कारण त्याला कडक आच लागते. मग निखारे बाजूला ओढून भट्टी जराशी निवली की लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून नानकटाईचे पत्रे आत सरकवले जात. पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी असे. तिथे बसून राहणे हे माझे काम होते, आणि त्या उबेमुळे ते काम मला शिक्षा कधी वाटले नाही. एका वर्षी मात्र मी भट्टीसमोर चक्क झोपलो. घरी आणलेल्या डब्याला साजूक तुपाऐवजी डालड्याचा वास होता. आई बेकरीवाल्याशी भांडली नाही, मलाही काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीच्या भिशीतून तिने वर काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन विकत घेतला. तो अजून माळ्यावर आहे आणि नव्या ओटीजीपेक्षा तो बरा होता असे आई दरवर्षी एकदा सांगते.

नानकटाई मात्र एका दुपारीत संपणारे काम. गोधडीला सगळी थंडी पुरत नाही.

पश्चिम महाराष्ट्रात जिला वाकळ म्हणतात, ती आमच्याकडे गोधडी. यंदा माझ्या आजीची तीन सुती लुगडी निघाली. नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचे चार तुकडे केले आणि दोन-दोन तुकडे लांबीने जोडले की त्यातून दोन थर मिळतात, म्हणजे तिन्ही लुगड्यांचे मिळून सहा. त्यांतले धड दोन वर आणि खाली, विरलेले चार पोटात. काठ आधीच उसवून वेगळे ठेवायचे. ऊब कापडाच्या जाडीत नसते, थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणूनच जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाची गोधडी विकतच्या जाड ब्लँकेटपेक्षा अंगाला अधिक बिलगते. पत्नीने तिच्या सिंथेटिक साड्या देऊ केल्या होत्या. आईने हात फिरवून त्या परत केल्या. त्या निसरड्या असतात, थर एकमेकांवरून सरकतात आणि घाम टिपत नाहीत. "मग आई, आमच्या साड्यांचे पुढे काय करायचे?" असे पत्नीने विचारले, आणि या प्रश्नाला अजून कोणाकडे उत्तर नाही. सुती साडी रोज नेसणारी आमच्या घरातली शेवटची बाई आईच आहे.

दहा वाजता गच्चीवर ऊन येते. तिथे चटईवर सहाही थर ताणून अंथरायचे, कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता आणि दोन विटा ठेवायच्या, मग हाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढत कच्चे टाके घालायचे. त्यानंतर खरा धावदोरा. तो कडेने सुरू होतो आणि चौकोनी फेरे घेत आत आत जातो. सुई एकदा खाली आणि एकदा वर करत चार-पाच टाके सुईवरच जमवायचे आणि मग दोरा एकदम ओढायचा; जास्त ओढला तर कापड चुणते, सैल सोडला तर बोटे अडकतात. पहिला फेरा नीट ताणात गेला नाही तर पुढच्या प्रत्येक फेऱ्यात झोळ आत सरकत जातो आणि शेवटी मध्यभागी फुगा येतो. माझ्या पहिल्या गोधडीला असा फुगा होता आणि मी ती हट्टाने तशीच पांघरली होती.

आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. लांबचे स्वच्छ दिसते, पण सुईचे नेढे दिसत नाही. म्हणून मुलगी शाळेत जाण्यापूर्वी दहा सुया ओवून त्या एका चिंधीत ओळीने टोचून ठेवते. दहावी सुई संपली की आईचे त्या दिवसाचे शिवण संपते; बहुधा तेव्हाच गच्चीवरचे ऊनही भिंतीवर चढलेले असते. संध्याकाळी मुलगी आपला अर्धा हात टाके घालते. तिचे टाके कधी तांदळाएवढे, कधी शेंगदाण्याएवढे असतात. फार लांब गेलेले आई तिच्यासमोर उसवते; पाठीमागे उसवणे तिला मान्य नाही.

डिसेंबरअखेर शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून नाताळचा फराळ येतो, करंज्या आणि केक एकाच ताटात, आणि ते ताट रिकामे परत पाठवायचे नसते म्हणून आमची नानकटाईची दुसरी खेप होते. त्यासाठी घरात एक नियम आहे: शनिवारी गोधडी, रविवारी नानकटाई, तुपाचा हात कापडाला लागता कामा नये. मागच्या रविवारी हा नियम मीच मोडला. गच्चीवर चहा घेत, गार झाली का हे पाहण्याच्या निमित्ताने, मी चार नानकटाया गोधडीवर बसून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेऱ्याजवळ तुपाचा डाग होता आणि त्याच्या कडेने मुंग्यांची शिस्तबद्ध रांग. शिकेकाई लावून झाली, ऊन देऊन झाले, डाग गेला नाही. आईने वेगळे ठेवलेल्या काठातून ठिगळ काढायला सांगितले. मुलीने ते चौकोनी न कापता गोल कापले, अगदी नानकटाईएवढे, आणि मधोमध पिवळ्या दोऱ्याने एक लहानसा पिस्ता भरला.