पोटदुखीच्या केसपेपरवरची मण्यार

भातलावणी ऐन भरात होती. आमच्या 30 खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला सिस्टर म्हणून मी आणि मदतीला एक मावशी. वॉर्डात 23 पेशंट. लेबर रूममध्ये एक पहिलटकरीण अडलेली, डॉक्टर तिच्यापाशी. पहाटे 3 वाजून 20 मिनिटांनी तिशीतली एक बाई नवऱ्याच्या खांद्याला धरून आली. पोटात कळा, दोन उलट्या, घसा आवळल्यासारखा. केसपेपरवर ‘पोटदुखी’ लागलं आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन सांगितलं गेलं. जुलैत असे पेशंट रोज येतात.

इंजेक्शन देताना तिच्या कपाळाकडे लक्ष गेलं. भुवया वर ताणलेल्या, कपाळभर आठ्या. दुखत असलं की माणूस भुवया आवळतो, ही वर का ओढतेय? पापण्या आपोआप मिटत होत्या आणि त्या उघड्या ठेवायला ती कपाळ ओढून धरत होती.

“ताई, रात्री झोपला होता कुठं?”

“खालीच, चटईवर.”

साप चावल्याची खूण दिसते का, म्हणून अंगभर बॅटरी मारून पाहिलं. खूण नाही, सूज नाही. घोणस चावली तर पाय सुजून ओरडून सांगतो. मण्यारीचे दात बारीक, झोपलेल्याला मुंगी चावल्याइतकंच जाणवतं, कधी तेही नाही. पहाटेची पोटदुखी हेच पुष्कळदा पहिलं लक्षण असतं, आणि तिथंच फसगत होते.

तीन गोष्टी तपासल्या. वर बघत राहा म्हटलं, तर अर्ध्या मिनिटात पापण्या खाली. उशीवरून डोकं उचलायला सांगितलं, तर पाच सेकंदांत मान पडली. मग श्वासाचा जोर बघायला एका दमात आकडे मोजायला लावले. रोपांच्या जुड्या मोजाव्यात तशा लयीत तिनं 24 पर्यंत मोजले. लेबर रूमच्या दारातून डॉक्टरांना एवढंच सांगितलं, “मण्यार वाटतेय. पापण्या पडल्यात, मान धरत नाही, एका दमात 24.” नुसतं ‘पेशंट बरी वाटत नाही’ म्हटलं असतं, तर त्या अडलेल्या बाईला सोडून ते येऊ शकले नसते. लक्षण आणि आकडा सांगितल्यावर ते लगेच आले आणि 108 च्या ॲम्ब्युलन्सला फोनही तेव्हाच गेला.

एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, 10 व्हायल (छोट्या बाटल्या) लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वय बघून विष सोडत नाही. पावडरच्या प्रत्येक व्हायलमध्ये 10 मिली स्टराइल वॉटर घालायचं आणि तळहातांत हळूहळू फिरवत विरघळवायचं. घाईत हलवली की फेस होतो आणि औषध खराब होतं. एकटीनं 10 व्हायल करायच्या म्हणजे मोलाची मिनिटं तिथंच जातात. पाणी मी भरत गेले आणि एकेक व्हायल फिरवायला मावशींच्या हातात दिली. ते सगळं 100 मिली औषध सलाईनमध्ये मिसळून तासाभरात जाईल असं ठेवलं, सुरुवातीला मात्र अगदी सावकाश. टेस्ट डोस द्यायचा नाही, त्यानं रिॲक्शन कळत नाही. त्याऐवजी रिॲक्शन आलीच तर द्यायचं ॲड्रेनॅलिन अर्धा मिली सिरिंजमध्ये भरून, नाव लिहून उशाशी ठेवलं. पंधराव्या मिनिटाला गळ्यावर गांधी उठल्या, अंग खाजायला लागलं. एएसव्ही थांबवली, ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिलं. गांधी बसल्यावर पुन्हा चालू.

दरम्यान 2 मिली रक्त काचेच्या नव्या, कोरड्या ट्यूबमध्ये घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवलं होतं. प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली ट्यूब चालत नाही, रक्त गोठण्याचा निकाल चुकतो. रक्त नीट गोठलं. मण्यारीत ते गोठतंच, त्यामुळे ‘रक्त गोठलं, म्हणजे विष नाही’ हा अर्थ काढणं घातक. ॲट्रोपिन देऊन निओस्टिग्मिनही दिलं. नागाच्या विषात त्यानं पापण्या उघडतात, मण्यारीत बहुधा फरक पडत नाही. इथंही पडला नाही.

सव्वाचारला आकडे 15 वर आले, चार चाळीसला 7 वर. एएसव्ही चालू असताना पेशंट खालावताना पाहून नवशिक्या सिस्टर घाबरतात. एएसव्ही रक्तातलं मोकळं विष बांधते, नसांच्या टोकांना झालेली इजा तिनं भरून येत नाही. ती भरून येईपर्यंत श्वास आपल्याला द्यावा लागतो. तोंडात लाळ साचत होती, म्हणून कुशीवर वळवून सक्शन केलं. पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, नातेवाईक कितीही म्हणोत.

हातानं दाबून श्वास द्यायची ॲम्बू बॅग काढली. बाहेरचं तोंड तळहातानं बंद करून दाबली, तर हवा झडपेतून फुसकन निघून गेली. झडप उलटी बसवलेली होती. धुतल्यावर जोडताना असं होतं, आणि शिफ्टच्या सुरुवातीला दाबून पाहिलं नाही तर ऐन वेळी कळतं. नीट बसवली. दर पाच-सहा सेकंदांना एक दाब, छाती उचलेल एवढाच. जास्त दाबलं तर पोटात हवा भरून उलटी होते.

108 च्या डॉक्टरांना केस देताना दोन गोष्टी सांगितल्या. बी टाइप सिलिंडरमधला 1500 लिटर ऑक्सिजन मिनिटाला 10 लिटरनं अडीच तास पुरतो, वाट दोन तासांची आहे, तेव्हा निघताना काटा बघा. आणि तिच्याशी बोलत राहा. मण्यारीचा पेशंट पापणीसुद्धा हलवू शकत नाही, कधी बाहुल्या पसरून स्थिर होतात, तरी आतून जागा असू शकतो. बाहुल्या बघून ‘गेली’ म्हणायचं नाही.

गाडी गेली तेव्हा पाच वाजले होते. सहाची अँटिबायोटिक सातला सुरू झाली, दोन सलाईन रिकामी लटकत होती, केसपेपर भरता भरता डे ड्युटीची सिस्टर आली. तिला ओव्हर देताना एएसव्हीचे बॅच नंबर रजिस्टरला चढवले आणि नव्या 10 व्हायलचा इंडेंट, म्हणजे मागणी, लिहिला.

जिल्हा रुग्णालयात सहा दिवस व्हेंटिलेटरवर राहून ती सुटली. फॉलोअपला आली तेव्हा म्हणाली, “गाडीत डॉक्टर दर थोड्या वेळानं सांगत होते, अजून एवढे किलोमीटर राहिले. सगळं ऐकू येत होतं.”