नटाला शेपटी

दिवाळीला नागपूरला आलो तेव्हा बॅगेत आईसाठी स्वेटर होता, भाचीसाठी चॉकलेटं होती आणि एका जुन्या मोज्यात गुंडाळलेले सात गंजके बोल्ट होते. आईच्या हाती नेमका मोजाच आधी लागला. "एवढ्या दुरून लोखंड वाहून आणलं? इतवारीत काय कमी आहे का रे?"

बोल्ट माझ्या गाडीचे. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आल्यावर चौथ्या वर्षी मी एक खूळ विकत घेतलं. दोन सीटची, बिनदरवाज्यांची, छताच्या नावाखाली एक कापड असलेली किट कार. किट कार म्हणजे सुट्या भागांच्या पेट्या घरी येतात आणि माणूस आपल्या गॅरेजात बसून गाडी जोडतो. इंग्रजांचा हा नाद जुना. 1957 साली लोटस कंपनीची सेव्हन ही अशीच गाडी आली तेव्हा तयार गाडीवरचा खरेदी-कर सुट्या भागांना लागत नव्हता, म्हणून लोक पेट्याच घ्यायचे. जोडणीची पुस्तिका दिली तर सूट जाईल, म्हणून गाडी खोलायची कशी याची पुस्तिका देत आणि गिऱ्हाईक ती मागून पुढे वाचत, असा किस्सा इथे अजून चवीने सांगतात. 1973 साली त्या गाडीचे हक्क केटरहॅम या दुसऱ्या कंपनीकडे गेले. त्याच वळणाच्या गाड्या पुढे बऱ्याच जणांनी काढल्या, माझी त्यांतली एक. कुणाची ते सांगत नाही, उगाच वाद होतात.

वजन साडेपाचशे किलो. आपली जुनी मारुती 800 सुद्धा साडेसहाशेच्या घरात होती. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा, त्यावर रिवेट मारलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, नाक आणि मडगार्ड फायबरचे. चालवायला मजा शब्दांत सांगता येत नाही. उघडायला मात्र रडवते.

झालं असं की पहिल्या मालकाने गाडी जोडली तेव्हा मागची बाजू मोकळी होती, हात कुठेही जात होता. त्याने मडगार्डचे बोल्ट बाहेरून घातले, आतून नट आवळले आणि मग पेट्रोलची टाकी बसवून डिकीचा पत्रा चढवला. आता त्या नटांपर्यंत जायला कोपऱ्यात एक फट उरली आहे. माझा हात मनगटापर्यंत जातो, पुढचं काम बोटांच्या टोकांनी, न बघता. आणि मागचे दिवे मडगार्डवरच बसवलेले, त्यांची वायरही आतूनच. म्हणजे वायर तुटली की मडगार्ड उतरवा.

गेल्या जानेवारीत तुटली, वार्षिक तपासणीला चार दिवस उरले असताना. थंडीत इथे रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते मीठ पाण्याबरोबर मडगार्डच्या आत उडतं आणि पोलाद, ॲल्युमिनियम शेजारी-शेजारी असले की दोघांत बॅटरीसारखा प्रकार सुरू होतो. ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीने फुगतं, बोल्ट गंजतो आणि नट जागेवर धरून बसतो. बायको डिकीत डोकं घालून आतून 10 नंबरचा पाना धरून होती, मी बाहेर चिखलात.

"घट्ट धरलंयस ना?"

"धरलंय."

"मग फिरतंय कसं?"

"तूच फिरवतोयस!"

शेवटी सातही बोल्टांची डोकी ग्राइंडरने उडवली. टाकी आधी रिकामी करून काढून घेतली होती, हे मुद्दाम लिहितो. ठिणग्या आणि पेट्रोल यांच्यात धाडस दाखवायचं नसतं. एका वायरच्या टाक्यासाठी अख्खा शनिवार गेला. घरात दोन दिवस शांतता होती.

तर ते बोल्ट घेऊन मी कामठी रोडला मामांच्या दुकानात गेलो. एक लेथ, एक वेल्डिंग सेट, भिंतीला टेकवलेली त्यांची बजाज चेतक. मामांनी फोनवरचे फोटो बोटांनी मोठे करून पाहिले. मिठाची गोष्ट सांगितली तर हसायलाच लागले. "रस्त्यावर मीठ टाकतेत? भाजी करून रायले का रस्त्याची?"

मग म्हणाले, "सोपं हाय. नळीलेच नट वेल्ड करून टाक."

"मामा, टाकी तिथेच आहे. आणि नळ्यांवरचा पावडर कोटिंगचा थर जळेल. तो गेला की मीठ आत शिरलंच."

"मंग नटाले शेपटी लाव."

त्यांनी डब्यातून एक साधा काळा नट काढला, दीड इंच लांबीची पट्टी कापली, भोकावर नट ठेवून दोन टाके मारले. चेतकच्या फूटबोर्डावर पट्टी टेकवून दाखवलं. बोल्ट फिरवला की नट फिरायला जातो, शेपटी शेजारच्या कडेला अडते, नट थांबतो. आतून धरायला माणूस नको, पाना नको. मी तिथे चहाचा कप हातात घेऊन उभा राहिलो आणि मला जानेवारीतला तो शनिवार आठवला.

संध्याकाळी मामेभाऊ आला. तो मिहानमध्ये विमानांच्या देखभालीत आहे. शेपटीचा नट हातात घेऊन म्हणाला, "बाबा, हे तर आमच्या इथलं अँकर नट झालं." विमानात नटाला दोन कान असतात आणि ते रिवेटने पत्र्याला पक्के करतात, कारण पंखाच्या आत हात घालायला कुणी बसलेलं नसतं. मामांना हे ऐकून काही विशेष वाटलं नाही. "मंग? त्याइले बी डोकं असनच की."

भावाने पुढच्या नाकाचाही प्रश्न सोडवला. रेडिएटर पाहायचा तर नाकाचे चार स्क्रू काढावे लागतात आणि फायबरमधली भोकं दर वेळी थोडी मोठी होतात. तिथे पाव फेऱ्याचा झूस लाव म्हणाला. विमानांच्या इंजिनावरच्या झाकणांसाठी ही कळ 1930 च्या दशकात चालू झाली. नाव विल्यम झूस यांचं, मूळ युक्रेनचे, अमेरिकेत गेलेले. खिट्टीच्या बुडाला तिरका खाचा असतो, मागे तारेची स्प्रिंग. पाव फेरा दिला की तार खाच्यात चढते आणि शेवटच्या खोबणीत टच्च बसते. आमच्या चेतकचं बाजूचं झाकण बिनपान्याचं निघायचं, त्याच जातीचं सुख.

चौदा शेपट्या झाल्या. त्यांच्यावर झिंक चढवून घेतलं, हिंगण्याला ओळखीच्या माणसाकडे. झिंक ॲल्युमिनियमशी जरा कमी भांडतं. वेल्डिंग आधी, झिंक नंतर. उलट केलं तर धूर नाकात जातो आणि तो वाईट.

परत येऊन दोन रविवार लावले. शेपट्यांखाली रबराची पातळ पट्टी, बोल्टला तांब्याचं ग्रीस, फायबरच्या बाजूला रुपयाएवढा मोठा वायसर, नाहीतर आवळताना फायबर तडकतं. झूस मात्र पहिल्या खेपेला फसले. खिट्टीची लांबी दोन्ही थरांच्या एकूण जाडीवर ठरते आणि मी मधली रबराची कड मोजलीच नव्हती. चारही खिट्ट्या तारेपर्यंत पोचेनात. पुन्हा मागवल्या. खालच्या ओठाला मात्र दोन बोल्ट तसेच ठेवले. वारा तिथूनच आत घुसतो, आणि नाक मोटरवेवर उडून मागच्याच्या काचेवर गेलेलं मला परवडणार नाही.

आता मडगार्ड मी एकटा वीस मिनिटांत उतरवतो. बायको खिडकीतून बघते, खाली येत नाही.

काल मामांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. टॉर्च मारून फटीतून मोबाइल आत घातला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग: "शेपटी वरतं काऊन केली बे? पाणी साचन ना तिथं."

खरंच साचेल. पट्टी आणि पत्रा यांच्यात वरून उघडा खिसा तयार झाला आहे, खारट चिखलाला राहायला अगदी योग्य. चौदापैकी नऊ तशा बसल्यात. रविवारी उलट्या करतो, एका हाताने.